पालथी होडी, उभा तांडेल

चिंचवड, ८ जानेवारी १९५७

चि. सौ. कुसुम हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे तुझ्या वहिनीचा दमा आणि माझी जीभ दोन्ही पूर्ववत. तुमच्या बंदराची बचावहोडी आमच्या कारखान्यात तयार झाली. समुद्र न पाहिलेल्यांनी समुद्राची होडी करायची, हे नव्या काळाला शोभतंच. काल पवनेच्या डोहात तिला दोरांनी पालथी घातली. दोन्ही टोकांना हवा कोंडलेले उंच पेटारे आणि तळाला लोखंडाचा जड कणा. पालथी होडी पेटाऱ्यांवर डोकं टेकते, कणा वर जातो. पण तिथं त्याला तोल धरवत नाही. तो खाली येतो, होडी सरळ होते आणि आतलं पाणी नळ्यांतून निघून जातं. बघायला ताथवड्याची माणसंही आली होती. आबाजी पाटील म्हणाले, ही मांजराची जात हाय, पायावरच पडती.

तुझे सोनबाराव तिचे तांडेल होऊन सुकाणू धरणार म्हणे. त्यांना सांग, आता पोहणं विसरलात तरी चालेल.

तुमच्या सर्वांच्या ओढीत,
चिमाजी

दाभोळ, २१ जानेवारी १९५७

ती. दादांस कुसुमचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसले. मग म्हणाले, दादांना विचार, पालथी घातली तेव्हा आत माणसं होती का.

होडीबरोबर कमरपट्टे आलेत, बसून बांधायचे. खलाशी बांधतात, हे नाही. सुकाणूवरचा तांडेल उभाच हवा. तो बसला की खलाशी समजतात, ह्याने होडी सोडली. मी बोलले, तर म्हणाले, मी काय दावणीचा बैल आहे? तुम्हीच चार शब्द सुनवा. तुमचं बोलणं लागतं, म्हणून तरी ऐकतील.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवावी.
कुसुम

चिंचवड, ३० जानेवारी १९५७

चि. सौ. कुसुम हिस अनेक आशीर्वाद.

आत माणसं नव्हती. वाळूची पोती होती, घट्ट आवळलेली. पोत्यांना मानापमान नसतो.

होडी स्वतःला सरळ करते, माणसाला नाही. सुटलेला माणूस पाण्यात राहतो आणि होडी वाऱ्याबरोबर त्याच्यापुढे पळते. सोनबारावांना सांग, होडीला त्यांच्याहून अक्कल जास्त. ती निदान आपला जडपणा खाली ठेवते. बसा आणि बांधून घ्या. पोहण्याची माझी थट्टा मात्र त्यांनी विसरावी.

उत्तराची वाट पाहतो. जीव लागून राहिला आहे.
चिमाजी

दाभोळ, १२ जून १९५७

ती. दादांस कुसुमचा नमस्कार.

तार पोचली असेल. गलबत वाळूत रुतलं होतं. बोलावणं आलं तेव्हा हे जेवत होते. खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली, होडी पालथी झाली आणि तुम्ही लिहिलंत तशीच सरळ झाली. बांधलेले सगळे तिच्याबरोबर वर आले. हे पाण्यात. खलाशी सांगतात, बराच वेळ होडीमागे पोहत होते. वल्ही वाहून गेलेली, त्यांना होडी वळवता येईना. एकजण उडी घ्यायला निघाला, तर ह्यांनी पाण्यातून शिवी हासडली, पट्टा सोडशील तर बघ. त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत.

बंदराचे साहेब होडीवर खूश आहेत. तशाच आणखी मागवणार. काम तुमच्याकडेच येईल. दादा, नाही म्हणू नका. फक्त सुकाणूपाशी उभ्या माणसाला बांधता येईल असा पट्टा करा. तांडेलांना बसायला सांगू नका. ते बसत नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नका.
कुसुम