दाखला खरा करण्याचे अकरा दिवस

तुमसर,
२२ नोव्हेंबर २०२२

प्राचार्य गोपाळराव यांना निवृत्त बाबूलालचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमच्या कंबरेची चौकशी आधी करतो, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल. रजेवर आंधळगावला गेलाच आहात, तर दुपारची झोप मोडू नका. इथं राइस मिल जोरात आहेत, गावभर गरम कोंड्याचा वास आहे आणि त्या वासानं माझे डोळे आपोआप मिटतात. (माझ्या वनस्पतिशास्त्राच्या तासाला पोरांचे का मिटायचे, ते आता कळलं.)

करडीच्या टेकचंदची खुशबू, आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी, आठवते ना? तिला कॅनडातल्या एका विद्यापीठात धानाच्या मुळांवर पुढचं शिक्षण घ्यायचं आहे. त्यांची अट अशी, की इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर कॉलेजचं शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला आणा. परीक्षेची तारीख मिळाली ती मुदत संपल्यावरची. तेव्हा पोरगी दाखल्याचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. लिहायला काय जात होतं? पण मला आपला वर्ग आठवला. पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी आणि तोंडानं मी सांगायचो, "हे मूळ पानी पिऊन राहिलं, पाहा." इंग्रजीतून मी फक्त हजेरी घेतली. (त्यातही 'येस सर' पोरंच म्हणायची.)

माझा पेन अडलेला पाहून खुशबू म्हणाली, "सर, खोटं नोका लिहू. आता शिकवून टाका ना इंग्रजीतून. मंग दाखला खराच होते."

झालं, माझ्या ओसरीवर तीन वर्षांचा अभ्यासक्रम अकरा दुपारींत बसवला. पहिल्या दिवशी माझं इंग्रजी झकास चाललं. दुसऱ्या दिवशी मूळ पाणी कसं ओढतं, तिथं साठा आटला. शब्द शोधायला समोरच्या शेतातल्या बांध्यांकडे पाहिलं, कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे उन्हात पिवळे पडले होते आणि पाहता पाहता मी कॅनडात पोचलो. तिथल्या बांध्यांत हळूहळू बर्फ पडत होता, गोरे प्राध्यापक पँटी खोचून चिखलात धानाची रोपं लावत रोवणा करत होते आणि मी कडेच्या धुऱ्यावरून त्यांना अस्खलित काहीतरी सांगत होतो. काय, ते आठवत नाही, पण सगळे माना डोलवत होते. जागा झालो तेव्हा उरलेला धडा खुशबू सांगत होती, इंग्रजीत, अगदी शांतपणे, बोटानं हवेत मुळं काढत. मला ते फार बरं वाटलं, म्हणून थांबवलं नाही. चौथ्या दिवसापासून तीच शिकवायची आणि मी शंका विचारायचो. आमच्या सौ. शकुनबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पास कोन होऊन राहिलं, तेवढं सांगून ठेवा."

तर शिकवणं इंग्रजीतून झालं, हे शंभर टक्के खरं. कोणी कोणाला शिकवलं, असा रकाना मसुद्यात नाही.

आपला,
बाबूलाल

ता. क. : दाखल्यावर माझी सही चालत नाही, प्राचार्यांचीच लागते, हे बाराव्या दिवशी कळलं. तुम्ही खोट्यावर सही करत नाही, म्हणून वर एवढं लांबण लावलं. मुदत पंधरा डिसेंबरची आहे.

आणखी एक : काल ती गेल्यावर ओसरी फार रिकामी वाटली. मनात आलं, हा दाखल्याचा कागद हरवला तर? पोरगी इथंच राहील. मला माझीच भीती वाटली, म्हणून टपालाची वाट न पाहता पत्र तिच्याच हाती पाठवलं आहे. ती समोर उभी असेल. सही करा, पण हे एवढं तिला वाचून दाखवू नका.