महिन्याला किती जमेल

चाचा, पोलंडचा आपला दावा मंजूर यादीत आला. तिकडच्या वकीलबाईंनी आज सकाळी फोन करून सांगितलं. पाइप फिटिंग्ज घेणारा तो ग्राहक दिवाळखोरीत गेला, तेव्हा त्याच्याकडचं येणं मी खलास म्हणून सोडलं होतं. सगळी रक्कम बुडीत धरून तरतूदही केली होती. तिथे विकलेल्या मालाच्या पैशांवर दावा लावायची मुदत दोन वर्षांनी, वर्षअखेरीस संपते. आपली संपली, असं मी धरून चालले होते.

ती वाचली तुमच्या लाडकीमुळे. तो बुडण्याआधी मी त्याला नोटिशीच्या धमक्या लिहीत होते, तो उत्तर देत नव्हता. माझ्यानंतर लागलेल्या या पोरीने मुदत संपायच्या आधी, मला न विचारता, एवढंच लिहिलं, "महिन्याला किती जमेल?" त्याने दोन ओळींत हप्ते मागितले. हप्ते मागणं म्हणजे देणं कबूल करणं. तिकडच्या कायद्याने तिथून मुदत नव्याने सुरू झाली.

प्रश्न तुमचा. अजून दिसतं: शारजाच्या हमरियातल्या आपल्या ऑफिसात तुम्ही तो वसुलीच्या फोनवर विचारताय, मी समोर बसलेय. "चाचा, पैसे कधी देणार ते विचारा ना." तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवता. "मॅडम, कधी विचारलं तर इन्शाल्ला म्हणेल. किती विचारलं तर आकडा सांगेल." मी हसले. ती मागच्या टेबलावर ऐकत होती.

तुम्हाला मी मॅडम, ती बाय, लेकीसारखी. तुम्ही दोघं रत्नागिरीकडची. डबा उघडला की तुमची कोकणी सुरू व्हायची आणि मी येऊन बसले की तुम्ही माझ्यासाठी शुद्ध मराठीवर यायचात. तो आदर होता, कळतं मला. मला तो नको होता.

दुपारी साहेबांनी तिला विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"चाचांकडे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "आम्ही दोघी." तिचा तो मोठेपणा मला झेपला नाही.

आता यादीवर कोणाच्या हरकती येतात ते बघायचं, मग वाटप. थोडाफार हिस्सा मिळेल, तेवढी तरतूद मी उलटवीन, बुडीतातून काढून परत जमेला धरीन. तुम्ही आता नाही, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: सकाळी वकीलबाईंचा फोन वाजला तेव्हा क्षणभर वाटलं, दावा नाकारलेला असू दे.

शुक्रवारी ती मला दुबईच्या करामा भागात जेवायला नेणार आहे, तुम्ही तिला न्यायचात त्या जागी. मी जाईन. तिथे ती तुमचं काहीतरी सांगेल, मला माहीत नसलेलं.