तिसरीच्या वर्गाचं बंदर

आई, तू बंदर कधी पाहिलं नाहीस. मीही नाही. तरी यंदा तिसरीच्या पोरांना मोठ्या नदीवरचं बंदर कसं चालतं ते मी शिकवलं. भोरजवळ धरणाच्या काठाला आमची दोन खोल्यांची शाळा, आणि पोरांनी जहाज पाहिलेलं ते फक्त मोबाईलमध्ये. मी म्हटलं, बंदर म्हणजे जहाजांचा एसटी स्टँड. गाडी फलाटाला लागते तसं जहाज धक्क्याला लागतं. जागा रिकामी नसेल तर लांब नांगर टाकून थांबायचं, मध्ये घुसायचं नाही. नदीत गाळ कुठं साचलाय ते परक्या कप्तानाला कसं कळणार? म्हणून तिथला माहीतगार माणूस जहाजावर चढून वाट दाखवतो. मग यारी, म्हणजे माल उचलायचं उंच यंत्र, वाकते आणि लोखंडी पेट्या उचलून ट्रकवर ठेवते. हायवेला सारोळ्याच्या पुलावरून जाणाऱ्या तसल्या पेट्या पोरांनी पाहिल्यात. ओसरीवर खडूनं नदी काढली. चौघं मिळून जहाज झाली, एक उंच पोरगा यारी झाला, आणि धरणापलीकडच्या वाड्यावरच्या मेंढपाळाच्या मुलीला मी जहाजाचा दोर बांधायचं काम दिलं. एरवी ती वर्गात तोंड उघडायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं सगळ्या जहाजाला दटावलं, "आदी उतरणाऱ्यांना उतरू द्या. चढायची घाई नगं."

पुढं धरण भरलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा ती मुलगी कडेकडेनं चालत यायची. आता पायवाट बुडाली आणि शाळेत यायचं तर होडीनंच. पलीकडची बाकीची पोरं होडीत बसली, ही काठावरच राहिली. तिच्या वडिलांचा फोन आला. "बाई, पोर पाण्याला लई भेती. बळंच बसवली तर वरडती. ऱ्हाऊ द्या आता. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरणार, तवा तिला बी नेतो." एकदा पोर मेंढरांमागं गेली की पुन्हा वर्गात येत नाही, हे तुझ्या लेकीला कुणी सांगायला नको. मला त्या माणसाचा राग आला, आणि लगेच लाजही वाटली. लेकीला रडवायचं नाही, एवढंच तर तो म्हणत होता.

मला आपली होडी आठवली. मी असेन सहा-सात वर्षांची. आपण मेंढरं घेऊन पाणी ओलांडतोय. जमिनीवर कळपाच्या पुढं घंटेची शेळी असते, तिच्यामागं मेंढरं बिनबोभाट येतात, म्हणून तू होडीतही तिला पुढंच उभी करतेस. शेळीच ती, पाणी बघायला एका कडेला सरकते, आणि तिच्यामागं सगळी मेंढरं त्याच कडेला. होडी कलते, पाणी आत येतं, नावाडी ओरडतो, "मावशे, शेळी मदी घे!" तू शेळीला ओढून मधोमध आणतेस, गुडघ्यांत आवळून धरतेस. मेंढरं तिच्याभोवती गोळा होतात आणि होडी पुन्हा सरळ होते. काठाला लागल्यावर मी हुंदके देत होते, तर तू चिडलीस. "रडतीस कशाला? होडी काय आपसूक कलली न्हाई, आपुन कलवली. आता ठावं झालं न्हवं?" तेव्हा मला जवळ घेतलं असतंस तर बरं झालं असतं. पण बोललीस ते खरं होतं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी होडीनं पलीकडं गेले. नावाडी म्हणाला, "पाण्यात पडल्याबगार पवायला येत न्हाई, बाई. उचला नि ठेवा तिला." मी म्हटलं, आमचा धडा पोहण्याचा नाही, न पडण्याचा आहे. मुलगी वडिलांच्या मागं दडून बघत होती. मी तिला जवळ बोलावलं नाही. काठावर बसून शाळेला निघालेल्या पोरांना म्हटलं, आज आपलं बंदर इथं. जहाजात माल कसा भरतात? जड खाली आणि मधोमध, दोन्ही अंगाला सारखा. मग तुझ्या शेळीची गोष्ट सांगितली, ओरड्यासकट. पोरं हसली. वडीलही हसले. मुलगी हसली नाही. तिनं बराच वेळ होडीकडं बघितलं आणि विचारलं, "मंजी मदी बसलं की कलत न्हाई?"

"समदी एका कडंला धावली न्हाईत, तर न्हाई."

"मग ह्यांला सांगा की. ही लई हलत्यात."

"तूच सांग."

तिनं सांगितलं. मोठमोठी नारिंगी लाइफ जॅकेटं घातलेल्या पोरांना तिनं हाताला धरून बसवलं, तू हिकडं, तू तिकडं, दप्तरं खाली. शेवटी मधली जागा उरली, तिथं ती बसली आणि मला शेजारी बसायला लावलं. वडील काठावरून बघत होते. मध्यावर वारा आला, होडी हलली. ती ओरडली नाही, फक्त सगळ्यांना म्हणाली, "गप बसा, जागची उठू नगा."

तेव्हापासून ती रोज येते. दिवाळीनंतर तिला आजीपाशी ठेवून आम्ही कोकणात जाऊ, असं वडील परवा म्हणाले. गावात सगळे म्हणतात, बाईंनी पोरीची भीती घालवली. मी मान डोलावते. तुला म्हणून सांगते, आणि तू आता नाहीस, हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच सांगवतं. त्या दिवशी होडी काठाला लागली, पोरं उतरली, तरी ती उठेना. मी म्हटलं, "चल, पोचलो." ती हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "बाई, माजा हात सोडा की आता."