आमेन म्हणणारं माणूस

रहिमतपूर, ४ जुलै २०२३

प्रिय अंजनाक्कास,
धाकट्या क्रांतीचा प्रभूमध्ये सलाम.

घशाच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेला, आणि मोबाईलवर लिहिणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. पेज तरी जाते का पोटात?

मला रात्र नको वाटते. आमचे हे माझ्याशेजारी झोपेतच गेले, ते पहाटे हात लागल्यावर कळलं. तेव्हापासून डोळा लागला की दचकते. शेजारच्या बनुबाई म्हणतात, लय इचार करू नगंस, दिवा लावून नीज. दिवा रात्रभर असतोच. प्रार्थना मात्र सुटली. एकानं करायची, दुसऱ्यानं आमेन म्हणायचं, ही आमची रीत. आता आमेन कोण म्हणणार?

तुझ्या लेकाला, जयराजला आशीर्वाद. माया असू दे.
तुझी क्रांती

सांगली, ९ जुलै

चि. क्रांतीस, अनेक आशीर्वाद.

पेज जाते. माझी बडबड थांबल्यानं जयराज मनातून खूश असेल, लबाड. गाठ पुन्हा आलीय, असं डॉक्टर त्याला दाराबाहेर सांगत होते. आवाज गेलाय माझा, कान नाही. भीती मलाही वाटते गं.

म्हणून ऐक. रोज रात्री नऊला फोन करून प्रार्थना कर, माझ्यासाठीसुद्धा. मी लग्नाची अंगठी फोनवर वाजवीन. तेच माझं आमेन. प्रभू अंधारात नसतो, असं तुला कोणी सांगितलं?

आहे तशीच माझी राहा.
तुझी आक्का

सांगली, २ सप्टेंबर

ती. क्रांतीमावशीस,
जयराजचा सलाम.

आईच्या मातीला आलीस तेव्हा गर्दीत बोलता आलं नाही. फोनवर बोललो असतो तर रडलो असतो.

त्या रात्री फोन मीच तिच्या कानाशी धरला होता. तू तिला प्रभूच्या हाती सोपवलंस आणि थांबलीस. अंगठी हलली नाही. मला कळलं, पण तोंडातून शब्द फुटेना. तू कितीतरी वेळ थांबलीस. मग तूच आमेन म्हणालीस. घरात एकटी असताना तुला ते कसं जमलं? मला रात्री तिच्या खोलीकडे बघवत नाही.

लोभ आहे तो वाढावा.
तुझा जयराज

रहिमतपूर, ६ सप्टेंबर

चि. जयराजस, आशीर्वाद.

जमलं कुठलं? पण आक्काची प्रार्थना अर्धी सोडायची, याची मला अंधारापेक्षा जास्त भीती वाटली. प्रभूला म्हटलं, आता तूच धर, आणि आमेन म्हणून टाकलं. भीती अजून येते. दिवा मात्र मी मालवते.

पत्र पोचेल त्या रात्री नऊला तिच्या खोलीत बसून फोन कर. प्रार्थना तू करायचीस. अडखळलास तरी चालेल. आमेन म्हणायला मी आहे.

तुझी मावशी
क्रांती