शीतगृहाच्या प्रोग्रॅमची आकृती

सोमवार, ६. सकाळी १०
साहेबांनी बोलावलं. शीतगृहाचा प्रोग्रॅम मी लिहिला त्याला अठरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिथल्या तीन नंबरच्या खोलीचं तापमान आपोआप चढलं, आणि मालक हादरलेत. गुरुवारी, १६ तारखेला ते येणार. तोवर अख्ख्या प्रोग्रॅमची आकृती काढायची: कुठल्या अटीवर काय होतं ते दाखवणाऱ्या एकात एक चौकटी, बाहेरच्या माणसालाही कळतील अशा. नव्या आवृत्तीचा प्रमुख कोण, ते साहेब त्याच दिवशी ठरवणार. मी सोडून आहेच कोण? नाहीतर मला देण्यासारखं दुसरं काम उरलेलं नाही, असंही म्हणाले, पण ते बोलण्याच्या ओघात.
दहा दिवस आहेत. मला तीन पुरेत.

मंगळवार, ७
आकृत्या काढायचा एडिटर कॉम्प्युटरवर टाकून घेतला. चौकटी काढायला लगेच बसणारे लोक वेगळे. मी आधी प्रेफरन्सेस, म्हणजे एडिटरच्या सेटिंग्ज, उघडले, त्यातलं ‘जनरल’. पाया पक्का हवा.
लेखकाचं नाव: टाकलं. पुढे हुद्दा टाकावा का? ‘प्रमुख’ हा शब्द टाकून पाहिला. शोभतो. काढला. मग परत टाकला, फक्त सेव्ह नाही केलं.
अलीकडच्या किती फायली यादीत दाखवायच्या: दहा. सध्या एकही नाही.

बुधवार, ८
ऑटोसेव्ह पाच मिनिटांनी की दहा? पाचने एकाग्रता मोडते, दहाने जीव टांगणीला लागतो. सात केलं. यात सकाळ गेली, पण असे निर्णय एकदाच घ्यायचे असतात.
शेजारच्या टेबलावरच्या टेस्टर बाईंनी विचारलं, किती चौकटी झाल्या? मी म्हटलं, अजून पाया भरतोय. त्या म्हणाल्या, पाया भरताय की विहीर खणताय? दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून माणूस असा होतो.

गुरुवार, ९
एडिटर प्रत्येक गोष्टीला ‘नक्की का?’ विचारतो. अठरा वर्षांच्या अनुभवी माणसाला! ते विचारणं बंद करून टाकलं.
दुपारी जुना कोड उघडला, सहज. तीन नंबरच्या खोलीचा भाग. दोनदा वाचला. तापमानात एका ठिकाणी दहा मिळवलेत. का मिळवलेत? मीच मिळवलेत. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. फाईल बंद केली.

शुक्रवार, १०
अटींच्या चौकटींना फिकट पिवळा. आवर्तनांना, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामांना, निळा. निळा फार गडद वाटला, बदलला. डोकं ठणकायला लागलं म्हणून अर्धी रजा.
सोमवारपासून झपाटून काम.

रविवार, १२
हिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, ऑफिसात काही बिनसलंय का? म्हटलं, प्रेफरन्सेस लावतोय. आठवडाभर? म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, कळतंय, भीती वाटतेय. मी आवाज चढवला. मग ती हळूच म्हणाली, नोकरी जाणार असेल तर आधी सांगावं, म्हणजे दोघांनी मिळून घाबरता येईल. मी म्हटलं, अगं, प्रमुख होतोय मी. तिने पुढचा शर्ट घडीला घेतला.
झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.

सोमवार, १३
नको ते झालं. ‘मूळ स्थितीत आणा’ या बटणावर बोट पडलं. नाव, ऑटोसेव्ह, पिवळा, निळा, सगळं गेलं. ‘नक्की का?’ एका शब्दानेही विचारलं नाही. ते मीच बंद केलं होतं.
पण एका अर्थी बरं झालं. आता अनुभव आहे. पुन्हा लावायला एकच दिवस.

मंगळवार, १४
दुसरा दिवसही लागला.

बुधवार, १५. संध्याकाळी ५
वाचलो! हा एडिटर कोड वाचून स्वतःच आकृती काढतो. चार सेकंद! हे मेनूत पहिल्याच ओळीत होतं, पण मी घाईने काही करत नाही.
आकृती जरा रुक्ष आली, नुसती चिन्हं आणि आकडे. ‘जनरल’मध्येच एक टिक सापडली: कोडऐवजी त्याच्या टिपा दाखवा. टिपा म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना आपण आपल्यासाठी मध्ये मध्ये लिहून ठेवतो ती वाक्यं. मशीन ती वाचत नाही. टिक केली आणि चौकटीचौकटीत साधी सोपी वाक्यं! पहिलं पान वाचलं. ‘खोलीचं दार उघडं असेल तर पंखा थांबवा.’ वा! बाकीची सव्वीस पानं अशीच असणार. वेळेवर घरी.

गुरुवार, १६
प्रोजेक्टरवरून पहिलं पान भिंतीवर पडलं तेव्हा मालक मान डोलावत होते. तीन नंबरची खोली नवव्या पानावर. तिथल्या मोठ्या पिवळ्या चौकटीत, टपोऱ्या अक्षरांत, जी मीच निवडली होती: ‘इथे दहा का मिळवावे लागतात कळत नाही. काढलं तर सगळं बंद पडतं. हात लावू नये.’ खाली: ‘हे तात्पुरतं. सोमवारी नीट करणे.’
मालकांनी शांतपणे विचारलं, कुठल्या सोमवारी?
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. मी टिक काढायला गेलो तर भलतंच बटण दाबलं गेलं, पान पुढे सरकलं, आणि दहावं पान आणखी वाईट होतं.
टेस्टर बाईंनी उठून दहाच्या आकड्याबद्दल मालकांना काहीतरी समजावलं. मला नीट ऐकू आलं नाही. कान तापले होते.

शुक्रवार, १७
नव्या आवृत्तीचं काम कंपनीला मिळालं. प्रमुख टेस्टर बाई. साहेब म्हणाले, मलाही ठेवताहेत, ते बाईंनीच मागितलं म्हणून.
दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. विचारलं, त्या दहाचं कारण विसरलात की कधी माहीतच नव्हतं? मी म्हटलं, विसरलो. त्यांनी मान हलवली.
माहीतच नव्हतं. अठरा वर्षांत कधीच नाही. दहा टाकले, चाललं, आणि देवाचे आभार मानून घरी गेलो. तेव्हापासून कोणी विचारू नये एवढंच बघत आलो. हिला रात्री हे सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, आणि जवळ बसून राहिली.
सोमवारी साडेनऊला टेस्टर बाई पहिल्या चौकटीपासून सगळा प्रोग्रॅम समजावून सांगणार आहेत. मला.