रांगेतली शेवटची घागर

गुरुजी, काल मला एका कॉलेजात बोलायला बोलावलं होतं. इथंच लातूरला, घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. विषय तुमच्याच आवडीचा, साहित्यातली प्रतीकं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी या विषयाला अजून मलाच बोलावतात, आणि मीही इस्त्रीचं पातळ नेसून हौसेनं जाते. दिवा म्हणजे नुसता दिवा नसतो, उंबरठा म्हणजे नुसतं लाकूड नसतं, वस्तू तीच राहते पण तिच्यात आणखी एक गोष्ट वस्तीला येते, असं तासभर बोलले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, हे सगळं लिहिणाऱ्याला माहीत असतं का? का आपणच घालतो?" मी हसून म्हटलं, चांगल्या लेखकाला माहीत असतं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली. घरी आले आणि वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. त्या मुलीला मी थाप मारली होती, आणि ती थाप आहे हे मला चांगलं माहीत होतं.

बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला मी काय सांगणार. आपलं गाव जळकोटाकडचं, तेव्हा जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे कुठल्याही साहेबाला यायला लांबच. विहिरी आटल्यावर शाळेच्या पटांगणाशेजारी टँकर येऊ लागला, दुपारी कधीतरी. तोवर उन्हात माणसं उभी राहत नसत, घागरी राहायच्या. सकाळी घागर ठेवायची आणि खडी फोडायच्या कामावर जायचं. घागर तिथं आहे म्हणजे तुम्ही तिथं आहात. कुणाची पोचे आलेली, कुणाच्या गळ्याला चिंधी, कुणाच्या बुडाला डांबराचं ठिगळ, सगळ्या घागरी सगळ्यांना ओळखू यायच्या. सर्वांत पुढं तुमची पितळी घागर, तुमच्या आईचं नाव कोरलेली. ती शाळेचा शिपाई आणून ठेवायचा आणि गावानं मानानं तिला पहिली जागा दिली होती. आमच्या वस्तीच्या घागरीही रांगेत असायच्या. पहाटे ठेवल्या की मध्यावर असायच्या आणि टँकर येईपर्यंत शेवटी गेलेल्या असायच्या. सरकवताना कधी कुणी दिसलं नाही. विचारलं तर म्हणायचे, वाऱ्यानं गेली असेल.

त्याच दिवसांत तुम्ही आठवीला तो धडा घेतलात. नदीकाठची एक म्हातारी, तिचा लेक परमुलखात गेलेला. ती रोज दोन घागरी घेऊन जाते, एक भरून आणते, दुसरी रिकामीच काठावर ठेवून येते. तुम्ही टेबलाला टेकून उभे आहात, हातात खडू आहे, आणि विचारताय की ती दुसरी घागर म्हणजे काय. कुणी म्हणालं दुःख, कुणी म्हणालं आठवण. तुम्ही मान डोलावत होतात. मी हात वर केला, आणि मी काही रोज हात वर करणारी नव्हते. म्हणाले, "गुरुजी, तिनं लेकाचा नंबर लावून ठिवलाय." वर्ग फिदीफिदी हसला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, सगळीकडं टँकर नको आणत जाऊ, घागरीच्या पलीकडं बघायला शीक. मी खाली बसले ती घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची घागर ठेवायला मी गेले. आई कामावर गेली होती. पटांगणात कुणी नव्हतं. मी तुमची पितळी घागर पहिल्या जागेवरून उचलली आणि आमच्या घागरींच्याही मागं, अगदी शेवटी नेऊन ठेवली. हो, मीच. इतकी हलकी होती की मला आश्चर्य वाटलं.

दुपारी टँकर आला आणि बोंब झाली. पाण्याची वाटणी बघणारे जे गृहस्थ होते, त्यांनी रांग पाहिली आणि सरळ आमच्या वस्तीकडं वळले. घागर मागं कशी गेली हा प्रश्नच नव्हता, तिला हात कुणाचा लागला हा होता. आता ती राखेनं घासावी लागेल, असंही कुणीतरी बोललं. माझे वडील, आबा, पुढं झाले. खडी फोडताना कपची उडून त्यांचा डोळा सुजला होता म्हणून ते त्या दिवशी घरी होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आमच्यातलं कुणी न्हाई मालक. आमची पोरंसुदिक हात लावत न्हाईत." मी त्यांच्या मागं उभी होते. आबांना आज मार पडणार आणि तो माझ्यामुळं पडणार, एवढंच मला दिसत होतं. मी त्यांच्या पाठीआड आणखी सरकले. तेवढ्यात तुम्ही डोक्यावर टॉवेल टाकून शाळेतून आलात. घागरीकडं पाहिलंत, मग बराच वेळ आबांकडं. आणि म्हणालात, "मीच ठेवली ती. मला एकट्याला कितीसं लागून राहिलं पाणी? आता रोज तिथंच राहील."

त्या दिवशी तुमची पाळी येईपर्यंत टँकर तळाला गेला होता. अर्धी घागर मिळाली तुम्हाला. पुढं उन्हाळाभर शिपायाला न सांगता तुम्ही स्वतः येऊन ती आमच्या मागं ठेवत राहिलात, आणि गुरुजींच्या घागरीला लागून असलेल्या घागरी सरकवायची कुणाची छाती झाली नाही. वारा पडला म्हणायचा. वर्गात तुम्ही तो धडा पुन्हा काढलात आणि म्हणालात, परवा एक उत्तर आलं होतं ते वहीत लिहून घ्या, म्हातारीनं लेकाचा नंबर लावून ठेवलाय. माझ्याकडं पाहिलं नाहीत. मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि यांनी मला माफ केलंय. दहा वर्षं मी त्या समजुतीवर काढली. तुमच्यासारखं शिकवायचं म्हणून शिकले, मास्तरीण झाले.

आबांची समजूत निराळी होती. तुम्ही स्वतः होऊन आमच्या मागं घागर ठेवलीत, असंच त्यांना वाटत होतं. पाव्हणा आला की ती हकिकत निघायचीच. शेवटच्या आजारपणातसुद्धा, औषध घेता घेता, गुरुजीनं घागर कशी ठेवली ते ते नर्सला सांगत होते. मी उशाशी बसून ऐकत होते.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी तुम्ही पेन्शनीच्या कागदांसाठी आला होता. नव्या कचेरीत टेबलं आली होती, कागद उस्मानाबादहून यायचे होते. मी तुम्हाला स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला नेलं. आज सांगायचंच असं ठरवून आले होते. आबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. चहा येण्याआधीच तुम्ही म्हणालात, "ती घागर तुझ्या आबानं हलवली. मी तवाच ओळखलं. हात जोडले, पण मान काही खाली नाही घातली पठ्ठ्यानं. लई हिमतीचा माणूस." मग म्हणालात, मी दर वर्षी प्रतीक शिकवताना हेच सांगतो पोरांना, नाव न घेता. एक माणूस काही बोलला नाही, फक्त एक घागर जागेवरून हलवली, आणि अख्ख्या गावाला वाचता आली.

खाली वाकलं की आबांचा सुजलेला डोळा ठणकायचा, म्हणून मान वर होती, गुरुजी. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तुमचे डोळे भरून आले होते, आणि तुमच्या त्या गोष्टीत माझा बाप इतका शोभून दिसत होता की मी म्हटलं, "हाव गुरुजी." तुम्ही बशीत चहा ओतलात. ती आपली शेवटची भेट ठरली.

आता तुम्ही नाही, आबा नाहीत. तुम्ही आबांना मोठं मानलंत, आबांनी तुम्हाला, आणि दोघंही त्या एका घागरीपायी जन्मभर थोडे जास्त ताठ चाललात. मी तीस वर्षं वर्गात तीच गोष्ट सांगत आले, तुमच्यासारखी, नाव न घेता. त्या मुलीला शोधून सांगायला हवं की बाई, लिहिणाऱ्याला माहीत असतंच असं नाही. तिचा पत्ता कॉलेजात मिळेल. हे पत्र मात्र मी तुम्ही शिकवलेल्या त्या आठवीच्या पुस्तकात ठेवून देणार आहे, आणि पुस्तक कपाटात.

एवढंच राहिलं. आमच्या घागरी मागं ढकलतात, हे त्या सकाळी माझ्या मनातसुद्धा नव्हतं. तुम्ही माझ्या उत्तराला हसलात, म्हणून मी तुमची घागर मागं नेऊन ठेवली.