एकच रिंग

३ जुलै
वही, माफ कर. होळीनंतर आज हात लावतो आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग आळस. खरं म्हणजे भीती. लिहिलं की काळजी पक्की होते.

माधवी सुट्टी संपवून पुण्याला गेली. बारा वर्षं त्या प्रयोगशाळेत आहे, पण माझी लेक काय करते ते मला कुणाला नीट सांगता येत नाही. मी सातवी पास, जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलल्या. ती अमरावतीला शिकली आणि तिकडं लागली. वटवाघळांपासून माणसाला होणारा ताप, एवढं कळलं. विचारलं होतं, त्यावर औषध आहे का? म्हणाली, "नाही. म्हणून तं मी आहो, बाबा."

४ जुलै
सकाळी वाजली. संध्याकाळी वाजली. माधवीला फोन प्रयोगशाळेत नेता येत नाही, बाहेर कपाटात ठेवून जावं लागतं. म्हणून आमचा नेम – आत जाताना एक रिंग, सुटल्यावर एक. उचलायचा नाही. आंघोळीला जातानाही मी फोन प्लास्टिकच्या पन्नीत घालून नेतो.

६ जुलै, रविवार
रविवारी ती बोलते. आज नुसती रिंग. सुट्टीच्या दिवशी कामावर?

ओट्यावर बुधाजी आला. "धर्मपालभाऊ, पोरगी वाघळंच धरून राहिली, जावई कधी धरते?" सगळे हसले. मीही हसलो.

९ जुलै
दोन्ही रिंगा आल्या. तरी जेवण गेलं नाही.

११ जुलै
माधवी एक वाजली की तोडते. आज फोन तीनदा वाजून बंद झाला. कालही तीनदा. परवा किती, ते आठवत नाही. बायकोला, भागीरथाला, सांगितलं तर म्हणते, "रिंगाच मोजत बसा तुमी. पोरगी मोठी झाली, तुमीच लहान राहिले. उचलू नका, तिले उशीर होते."

बारा वर्षांत एकदाही उचलला नाही.

१२ जुलै
उचलला.

"काका? मी रागिणी, ताईंसोबत काम करते. तुम्ही उचलत नाही ना?" मग तिनं सगळं सांगितलं.

पाच तारखेला सुई लागून माधवीचा हातमोजा फाटला. तेव्हापासून काचेच्या खोलीत एकटी आहे. एकवीस दिवस ठेवतात. आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही, जाळतात. म्हणून फोन रागिणीजवळ दिला. सांगून ठेवलं, "बाबाची रिंग चुकू देऊ नको." कालपासून ताप आहे.

भागीरथानं चुलीपासून विचारलं, "वाजली का?"
म्हटलं, "वाजली. एकच."

माधवी, फोन जळाला तर जळू दे. आत मागून घे. तुझ्या हातानं एक रिंग दे, लवकर दे.